पावसाळ्यात चित्रकथीच्या (चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या लोककलेच्या) कागदी चित्रांना बुरशी लागू नये म्हणून संग्रहालयाच्या कोठीत काय करावं?

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. कोकणात जून ते सप्टेंबर ती सहज ८०च्या वर असते. त्यामुळे डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) रात्रीही चालू हवा. फक्त दिवसा चालवला तर कागद रोज फुगतो-आकसतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. वीज जाणारच, म्हणून चित्रं घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या चित्राला टेकवू नका. कपाट चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, ती ओल धरते. टाचण्या, स्टेपल आधीच काढा; खाऱ्या हवेत गंजाचा डाग कायमचा बसतो.

बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने कधीच पुसू नका, नैसर्गिक रंग पसरतात. उन्हात तर मुळीच नको! चित्र वेगळं करून पूर्ण सुकू द्या, मग मास्क लावून मऊ ब्रशने झटका.