जुन्या सागवानी साइडबोर्डचा आजच्या फ्लॅटमध्ये उपयोग कसा करावा?

आजीकडून आलेला, पाठीला आरसा आणि वर संगमरवराची लादी असलेला सागवानी साइडबोर्ड (जेवणघरातले खणा-दारांचे कपाट) आपल्याला नव्या फ्लॅटमध्ये न्यायचा आहे, आणि त्याचे वॉशबेसिनचे काउंटर करावे, टीव्हीचे युनिट करावे की पांढरा रंग देऊन तो नुसता शोभेला ठेवावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बेसिन आणि रंग हे दोन पर्याय सरळ बाद करावेत, टीव्हीचा निर्णय उंची मोजूनच घ्यावा, आणि या सगळ्याच्या आधी हे फर्निचर ज्या कामासाठी घडवले गेले ते काम त्याला आपल्या घरात देता येते का, हे पाहावे.

साइडबोर्ड हा जेवणाच्या टेबलाचा जोडीदार आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वास्तुविशारद रॉबर्ट अ‍ॅडमने केलेल्या मांडणीत मध्ये एक लांब टेबल आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र, बुटकी कपाटे असत. पुढे हे तिन्ही भाग एकत्र होऊन खण आणि दारे असलेले एकसंध फर्निचर तयार झाले आणि व्हिक्टोरियन काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, त्याच्या पाठीवर उंच आरसा चढला. पाटावर बसून पंगतीत जेवणाऱ्या घराला त्याची गरजच नव्हती, त्यामुळे आपल्याकडे तो टेबल-खुर्चीच्या पाठोपाठच आला. म्हणूनच मुंबईत जुने साइडबोर्ड पारशी आणि ख्रिस्ती घरांतून अधिक निघतात, तर 1930च्या दशकात आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या त्या काळातले नमुने गोलसर कडांचे आणि बऱ्याचदा व्हीनियर (शोभिवंत लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेले असतात.

हा तपशील सांगण्याचे कारण त्याची उंची. उभ्या माणसाने पदार्थ वाढून घ्यावेत यासाठी साइडबोर्ड साधारण 36 इंच उंच असतो, आणि नव्या उपयोगांतील बहुतेक अडचणी याच एका मापातून निर्माण होतात. वॉशबेसिनची कड जमिनीपासून 32 ते 34 इंचांवर सोयीची पडते. 36 इंचांच्या फर्निचरवर पाच-सहा इंचांचे बेसिन ठेवले की ती कड चाळीस इंचांच्या पुढे जाते, मुलांचे हात पोहोचत नाहीत, आणि मग सुतार पाय कापण्याचा सल्ला देतो. पाय कापले, लादीला भोक पाडले आणि पाइपासाठी मधला खण काढून टाकला की जे उरते त्याला साइडबोर्ड म्हणता येत नाही. शिवाय पाण्याचे रोजचे शिंतोडे जुन्या लाखेच्या पॉलिशला सोसत नाहीत. टीव्हीचेही तसेच आहे. 43 इंचांचा टीव्ही 36 इंचांवर ठेवला तर पडद्याचा मध्य 48 ते 50 इंचांवर जातो, आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर 40-42 इंचांच्या आसपास असते. बसण्याची जागा उंच असेल किंवा बरीच मागे असेल तर हे चालून जाते; बुटक्या सोफ्यासमोर मान दुखते.

टीव्ही ठेवायचाच असेल, तर वायरींसाठी पाठीच्या मूळ फळीला भोक पाडू नये. ती फळी स्क्रूने बसवलेली असल्यास अलगद काढून, मागे नाव-तारीख लिहून, माळ्यावर जपून ठेवावी आणि तिच्या जागी प्लायवूडची नवी फळी लावून तिला हवी तितकी भोके पाडावीत. पुढच्या पिढीला पूर्वस्थितीत आणता येणार नाही असा कोणताही बदल करू नये, हा एकच नियम मी जुन्या फर्निचरच्या बाबतीत पाळतो आणि आपणही पाळावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

मूळ कामाकडे वळले तर साइडबोर्ड आजच्या लहान घरात फार उपयोगी पडतो. चार माणसांच्या टेबलावर भांडी आणि पाने एकाच वेळी मावत नाहीत. पाहुणे आले की पातेली साइडबोर्डवर मांडावीत आणि टेबल पानांसाठी मोकळे ठेवावे. वरच्या खणांत चमचे, रुमाल, मेणबत्त्या, औषधे जातात, खालच्या कपाटांत ताटे, काचेची भांडी आणि सणासुदीला लागणारी पितळी भांडी. लादीवर गरम पातेले ठेवताना खाली लाकडी चकती असावी, आणि लिंबू, चिंच, कोकम किंवा ताक सांडले तर तत्काळ पुसावे, कारण आम्लामुळे संगमरवराची झिलई जाते आणि पडलेली खूण हा डाग नव्हे तर आम्लाने खाल्लेला दगड असल्याने पुसून निघत नाही. गणपतीची आरास त्यावर छान दिसते, मात्र मूर्तीखाली पाट आणि समईखाली ताम्हन हवेच. चपला ठेवण्यासाठी मात्र त्याचा उपयोग करू नये. पावसाळ्यात ओल्या चपला बंद कपाटात गेल्या की बुरशी ठरलेली.

आता रंग. तो देण्याची गरजच नाही, कारण मूळ पॉलिश दुरुस्त करता येते. जुने सागवान बहुधा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेने पॉलिश केलेले असते. पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा हलकेच टेकवून पाहा. थर चिकट झाला तर ती लाख आहे, आणि तिचे सर्वांत मोठे सुख म्हणजे डाग पडलेला तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. पेल्याचे पांढरे वर्तुळ बहुतेक वेळा पॉलिशच्या थरातच असते, लाकडात नव्हे, आणि जाणकार पॉलिशवाला ते थोड्या स्पिरिटने घालवतो. पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन या आजच्या कृत्रिम पॉलिशांचा थर टणक असतो खरा, पण त्याची अशी तुकड्यातुकड्याने दुरुस्ती होत नाही. लाखेच्या पॉलिशचे काम भर पावसाळ्यात करून घेऊ नये, कारण दमट हवेत लाखेचा थर पांढुरका पडतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. व्हीनियर असेल तर घासकामाला यंत्र लावू देऊ नका, तो पातळ थर क्षणात निघून जातो. आणि साइडबोर्डला पूर्वी कोणी तैलरंग दिला असेल, तर तो कोरडा घासू नये: भारतात घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची (दशलक्षात 90 भाग) मर्यादा 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे.

सागाच्या गाभ्याला वाळवी किंवा कीड सहसा लागत नाही, पण खणांचे तळ आणि पाठ अनेकदा हलक्या लाकडाची असते. तिथे बारीक छिद्रे आणि ताजा भुसा दिसला तर नव्या घरात नेण्याआधीच उपचार करून घ्यावा. भिंतीपासून दोन-तीन बोटे अंतर ठेवावे, आणि स्नानगृहाला लागून असलेल्या ओल्या भिंतीशी तर तो उभाच करू नये. खण अडकत असतील तर रंधा मारण्याची घाई न करता घसरपट्ट्यांवर मेणबत्ती घासून पाहावी. एखादी पितळी मूठ हरवली असेल तर सगळ्याच मुठी बदलण्याऐवजी मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटवर किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात नमुना घेऊन जावे. जोड मिळण्याची शक्यता चांगली असते. आरशाचा पारा कडेने उडाला असला तरी तो तसाच राहू द्यावा आणि मागचा थर खरवडू नये, कारण फार जुन्या आरशांत खरोखरच पारा असतो.

हलवण्याच्या आधी लिफ्टचे माप घ्या. आरशाचा वरचा भाग बहुधा सुटा असतो आणि मागच्या दोन पट्ट्यांचे स्क्रू काढले की वेगळा होतो. लादीही सहसा नुसती ठेवलेली असते; ती आधी उतरवून घ्यावी आणि दोघांनी कायम उभी धरून न्यावी, आडवी धरली तर ती स्वतःच्याच वजनाने मधोमध तडकू शकते.