इम्प्लांट दुखून सांगत नाही
वाचकांचे प्रश्न, दंतवैद्यांची उत्तरं

दाताच्या इम्प्लांटविषयी आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारख्या प्रश्नांना एकत्रच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : खालची पहिली दाढ काढून दोन वर्षं झाली. तिच्या दोन्ही बाजूंचे दात चांगले आहेत. एक डॉक्टर ब्रिज सांगतात, दुसरे इम्प्लांट. काय करावं?

शेजारचे दात खरोखरच चांगले असतील, तर आमचा कौल इम्प्लांटला. ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप बसवून त्यांना जोडलेला मधला खोटा दात. त्यासाठी त्या दोन्ही दातांना चहूबाजूंनी एक ते दीड मिलिमीटर घासावं लागतं, आणि घासलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. पुढे त्यातल्या एका दाताला कीड लागली, तर बहुतेक वेळा अख्खा ब्रिज काढावा लागतो. मात्र त्या दातांवर आधीपासून कॅप असतील किंवा मोठी फिलिंग असतील, तर ब्रिजच बरा. नाहीतरी त्या दातांना कॅपची गरज असतेच.

इम्प्लांट हा एक तुकडा नसतो. हाडात बसतो तो टायटॅनियमचा स्क्रू. हा झाला मुळाच्या जागी. त्यावर हिरडीतून वर येणारं ॲबटमेंट, आणि त्यावर कॅप. ॲबटमेंट आतल्या भागाला एका बारीक स्क्रूनं जोडलेलं असतं. हा बारीक स्क्रू लक्षात ठेवा, पुढे त्याच्याविषयी प्रश्न आहे.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न हाडाचा आहे. दाढ काढल्यावर वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. म्हणून सीबीसीटी स्कॅन (जबड्याचं त्रिमितीय चित्र देणारा एक्स-रे) करून घ्या आणि डॉक्टरांना पडद्यावर ही मापं दाखवायला सांगा : चार मिलिमीटर जाडीच्या इम्प्लांटला गालाकडून आणि जिभेकडून किमान एकेक मिलिमीटर हाड उरतं का, खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या नसेपासून दोन मिलिमीटर अंतर राहतं का, शेजारच्या मुळापासून दीड मिलिमीटर मिळतं का. वरची दाढ रिकाम्या जागेत खाली उतरली आहे का, हेही पाहायला हवं. दोन वर्षांत ती उतरू शकते, आणि मग कॅपला उंचीच मिळत नाही. हाड कमी असेल तर ते भरता येतं, पण त्यात आणखी काही महिने जातात.

प्रश्न : हाडात ड्रिल करतात या कल्पनेनंच अंगावर काटा येतो. त्या दिवशी नेमकं काय होतं?

भूल दाढ काढताना देतात तशीच, त्या जागेपुरती. हाडाला स्वतःची वेदना फारशी नसते, त्यामुळे दाब आणि थरथर जाणवते, दुखत नाही. हिरडी थोडी उघडून आधी साधारण दोन मिलिमीटर जाडीच्या ड्रिलनं दिशा आणि खोली ठरवतात. मग एकापेक्षा एक जाड ड्रिल वापरून भोक टप्प्याटप्प्यानं रुंद करत नेतात. या सगळ्या वेळात ड्रिलवर थंड सलाइनची धार चालू असते, तिचं पाणी घशाकडे येतं आणि सहायक ते ओढून घेत असतो. ही धार शोभेची नाही. हाड ४७ अंश सेल्सियसला मिनिटभर तापलं तरी तिथल्या पेशी मरतात, आणि मेलेल्या हाडात इम्प्लांट धरत नाही. बोथट ड्रिल आणि घाई यांनी नेमकं हेच होतं.

शेवटी इम्प्लांट पिळत आत बसवतात. त्यावर झाकण लावून हिरडी शिवतात, किंवा हिरडीबाहेर दिसणारी हीलिंग कॅप लावतात. एका इम्प्लांटला सहसा पाऊण ते एक तास पुरतो.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावा, थुंकू नका, चूळ जोरात भरू नका. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हळुवार गुळण्या करा, आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक माउथवॉश वापरा. टाके सात ते दहा दिवसांनी निघतात. वरच्या दाढांच्या जागी सायनस लिफ्ट (दाढांच्या वरच्या हवेच्या पोकळीचा तळ उचलून तिथे हाड भरणं) झालं असेल, तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची.

एक गोष्ट ठळक करून सांगतो. खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवल्यावर भूल उतरण्याची वेळ टळून गेली, तरी ओठ किंवा हनुवटी बधीरच असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, लगेच फोन करा. इम्प्लांट नसेवर दाबत असेल, तर तो पहिल्या दीड दिवसात मागे घेतला किंवा काढला, तर नस सावरण्याची शक्यता बरीच जास्त असते.

प्रश्न : एके ठिकाणी तीन महिने थांबायला सांगतात, दुसरीकडे त्याच दिवशी दात देतो म्हणतात. खरं कोण?

दोघंही खरे असू शकतात. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडांवर काम करताना दिसलं, की टायटॅनियमशी हाड इतकं घट्ट जुळतं की ते सोडवता येत नाही. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. आज आपण वाट पाहतो ती याच जुळण्याची.

सुरुवातीला इम्प्लांट घट्ट असतो तो केवळ पिळून बसवल्यामुळे. मग कडेचं जुनं हाड शरीर काढून टाकू लागतं आणि नवं अजून कच्चं असतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड उलट सैल होते. दुखणं तोवर थांबलेलं असतं आणि रुग्ण निर्धास्त होऊन त्या बाजूनं चावायला लागतो, तो नेमका याच वेळी. सतत सूक्ष्म हालचाल होत राहिली, तर हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर धरतो आणि इम्प्लांट निकामी होतो. खालच्या जबड्यात दोन ते तीन महिने, वरच्या सच्छिद्र हाडात तीन ते सहा महिने, हा हिशेब तिथून आला आहे.

त्याच दिवशी दात देता येतो, पण अटींवर. इम्प्लांट बसवताना साधारण ३५ न्यूटन सेंटिमीटर इतका पीळ मिळायला हवा. समोरचा एकटा दात असेल, तर तात्पुरती कॅप चावताना विरुद्ध जबड्यातल्या दातांना लागता कामा नये. पूर्ण जबड्यात चार किंवा सहा इम्प्लांट एकमेकांना पक्के जोडून दात देतात, कारण जोडलेले इम्प्लांट एकटे हलत नाहीत. दोन्ही प्रकारांत तो दात सहसा तात्पुरता असतो, कायमचा काही महिन्यांनी येतो. तेव्हा दोन प्रश्न विचारा : हा दात कायमचा की तात्पुरता? आणि पीळ पुरेसा मिळाला नाही, तर तुमचा दुसरा बेत काय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल, तर आम्ही तिथे घाई करणार नाही.

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे. मधुमेह आहे, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, हाडं ठिसूळ झाल्यानं इंजेक्शनही घेते. खालची कवळी सतत सरकते. तिला इम्प्लांट जमेल?

वय आड येत नाही. मधुमेहात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सातच्या आसपास असेल तर सहसा पुढे जातो, आठच्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणतो. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. एक-दोन इम्प्लांटसाठी ती बहुधा थांबवावी लागतच नाही, पण निर्णय तिच्या डॉक्टरांचा.

इंजेक्शनचं मात्र नाव, डोस आणि किती वर्षं चालू आहे, हे कागदावर लिहून न्या. झोलेड्रॉनिक ॲसिड, डेनोसुमॅब आणि अलेंड्रोनेटच्या गोळ्या यांनी हाडाची नव्यानं घडण मंदावते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर जबड्याचं हाड उघडं पडून मरण्याचा धोका असतो. हाडं ठिसूळ होण्यावरच्या डोसमध्ये तो कमी असतो. कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या मोठ्या डोसमध्ये इतका जास्त, की तेव्हा आम्ही इम्प्लांट टाळतो. डेनोसुमॅबचा डोस दातांसाठी म्हणून परस्पर चुकवू नका. तो लांबला, तर मणक्याची हाडं मोडू शकतात.

तब्येत जमत असेल, तर आईला पूर्ण तोंडभर इम्प्लांटची गरज नाही. खाली समोरच्या भागात दोन बसवून त्यांवर टिचबटणासारखी पक्की होणारी कवळी दिली, की सरकणं थांबतं. कवळीतल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात आणि साधारण वर्षाला बदलाव्या लागतात. ती कवळी रोज काढून धुता येते, आणि थरथरत्या हातांना हे फार सोयीचं पडतं.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वीचा इम्प्लांट आहे. दुखत नाही, पण ब्रश करताना तिथून थोडं रक्त येतं. काळजीचं आहे का?

हो. या आठवड्यातच दाखवा.

खऱ्या दाताभोवती हाडाला बांधून ठेवणारे तंतू असतात. ते उशीसारखे दबतात, आणि काही बिघडलं की त्यातल्या नसा ठणकून सांगतात. इम्प्लांटला ती उशी नाही, तो थेट हाडाला चिकटलेला असतो. हिरडीचे तंतूही खऱ्या दाताच्या मुळात रुततात तसे त्यात रुतत नाहीत, नुसते त्याला लगटून असतात. त्यामुळे जंतूंना खाली उतरायला वाट सोपी होते. हाड अर्धं गेलं तरी दुखेलच असं नाही. रक्त हीच पहिली खूण.

फक्त हिरडी सुजली असेल, तर सफाईनं ती पूर्ववत होते. पण खालचं हाड झिजायला लागलं, की ते आपोआप भरून येत नाही. मग हिरडी उघडून इम्प्लांट साफ करावा लागतो, आणि तरी यशाची खात्री देता येत नाही. डॉक्टर बारीक सळईनं हिरडीची खोली मोजतील आणि नवा एक्स-रे कॅप बसवली त्या दिवशीच्या एक्स-रेशी ताडून पाहतील. कॅप सिमेंटनं चिकटवलेली असेल, तर हिरडीखाली सिमेंटचा कण राहून गेला आहे का, हेही पाहायला सांगा. तांदळाच्या कणीएवढा तुकडासुद्धा वर्षानुवर्षं सूज धरून ठेवतो.

घरी रोज रात्री : प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या तारेचा इंटरडेंटल ब्रश कॅपच्या दोन्ही बाजूंनी आडवा आत घालायचा, हिरडीला टेकवून पाच-सहा वेळा मागेपुढे करायचा. मग जाड, स्पंजासारखा फ्लॉस कॅपभोवती गळपट्ट्यासारखा गुंडाळून हिरडीच्या किंचित खालपर्यंत ओढायचा. पाण्याचा फवारा चांगला, पण ब्रशऐवजी नव्हे. ज्यांचे दात हिरडीच्या आजारानं हलून पडले होते, त्यांनी तीन-चार महिन्यांनी तपासणी करावी, इतरांनी सहा. आणि सिगारेट ओढत असाल तर सोडा. ती इम्प्लांट अपयशी होण्याचा धोका साधारण दुप्पट करते.

प्रश्न : कॅप हलायला लागली आहे. इम्प्लांट गेला का?

बहुतेक वेळा नाही. आतला तो बारीक स्क्रू सैल झालेला असतो. कॅप गोल फिरल्यासारखी हलते, हिरडीत वेदना नसते. त्या बाजूनं चावणं थांबवा, बोटानं फिरवून पाहू नका, आणि दोन-चार दिवसांत जा. सैल स्क्रूवर चावत राहिलं की तो मोडतो, आणि मोडलेला तुकडा काढणं कठीण असतं. घट्ट करताना डॉक्टर टॉर्क रेंच, म्हणजे मोजून पीळ देणारा पाना, वापरतात. पीळ कंपनीनुसार साधारण २५ ते ३५ न्यूटन सेंटिमीटर. दहा मिनिटांनी तो पुन्हा तपासावा. पुन्हा पुन्हा सैल होत असेल, तर कॅप उंच आहे किंवा तुम्ही झोपेत दात खाता. मग रात्री दातांवर घालायची गार्ड लागते.

दाबल्यावर दुखत असेल आणि सगळंच मुळासकट डुगडुगत असेल, तर हाडाची पकड सुटली आहे. तो इम्प्लांट काढावा लागतो.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे. अपघातात समोरचा दात गेला. लगेच इम्प्लांट करून घेऊ?

नको. जबडा वाढत असताना शेजारचे दात हाडाबरोबर खाली येत राहतात, इम्प्लांट मात्र जिथल्या तिथे थांबतो आणि काही वर्षांत आखूड दिसतो. मुलांमध्ये साधारण विशीपर्यंत थांबावं. तोवर मागून चिकटवलेला, दात न घासता बसणारा ब्रिज चांगलं काम देतो.

प्रश्न : लवकरच दुसऱ्या शहरात राहायला जाणार आहे. डॉक्टरांकडून काय मागून घेऊ?

इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर. त्यावर कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असतो. प्रत्येक कंपनीचा स्क्रू वेगळा, त्याचा पाना वेगळा. स्टिकर नसेल, तर नव्या डॉक्टरांना एक्स-रेवरून अंदाज बांधत बसावं लागतं. कॅप सिमेंटची की स्क्रूची हे लिहून घ्या, आणि कॅप बसवली त्या दिवशीच्या एक्स-रेची प्रत घ्या. एमआरआय करताना टायटॅनियमची अडचण नसते, पण कवळी चुंबकावर बसणारी असेल तर मशीनजवळ जाण्याआधी सांगा. हे सगळे कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले तरी चालतील.