वाचकांचे प्रश्न : सीमेवरची साथ आणि तिची रंगीत तालीम

प्रश्न : साथ सीमा ओलांडून आली तर काय करायचे, हे दोन्ही देशांच्या आराखड्यांत लिहिलेले असतेच. मग नाक्यावर खोटे रुग्ण आणि खऱ्या रुग्णवाहिका आणून सराव कशाला? बैठकीत चर्चा करून भागत नाही का?

उत्तर : बैठकीतला सराव आधी करायलाच हवा. आराखड्यातल्या उघड विसंगती तिथे कमी खर्चात सापडतात. पण ‘शेजारी देशाला तत्काळ कळवले’ हे काम बैठकीत एका वाक्यात उरकते. नाक्यावर ते कोणी कळवायचे, कोणाच्या परवानगीने, कोणत्या नंबरवर, आणि पलीकडे फोन उचललाच नाही तर पुढे काय, हे करूनच पाहावे लागते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली 2005 नुसार देशाने घटनेचे मूल्यमापन 48 तासांत करायचे आणि ती गंभीर ठरली तर त्यानंतर 24 तासांच्या आत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचे असते. ही वाट राजधानीतून जाते. दोन नाके हाकेच्या अंतरावर असतात आणि बातमी मात्र दोन राजधान्या फिरून येते. म्हणून या वाटेच्या जोडीला जिल्ह्याने पलीकडच्या जिल्ह्याला थेट कळवण्याची लेखी मुभा हवी. ती नसेल तर सरावाच्या पहिल्याच तासात गाडी अडते.

पूर्व आफ्रिकी समुदायाने (त्या भागातल्या देशांच्या संघटनेने) जून 2019 मध्ये केनिया-टांझानिया सीमेवर नमंगा इथे असा सराव घेतला. नमंगाच्या नाक्यावर एका देशातून निघाल्याची आणि दुसऱ्यात शिरल्याची नोंद एकाच छताखाली होते. त्या दोन टेबलांच्या मधोमध प्रवासी तापाने कोसळला तर तो रुग्ण कोणाचा, रुग्णवाहिका कोणी बोलवायची? असले प्रश्न जागेवरच सुटतात. भीतीही पोकळ नव्हती. त्याच महिन्यात इबोला काँगोतून युगांडात पोचला.

प्रश्न : नमंगाला इबोलाऐवजी रिफ्ट व्हॅली तापाचे कथानक घेतले होते असे वाचले. त्याने काय साधते? आणि कथानक रचतात कसे?

उत्तर : या तापाच्या कथानकात पशुवैद्य सुरुवातीपासून लागतो, हा मोठा फायदा. हा विषाणू 1931 मध्ये केनियातच ओळखला गेला. जनावरांत तो डासांमुळे पसरतो. माणसाला मुख्यतः आजारी जनावराचे रक्त, मांस किंवा पडलेला गर्भ हाताळल्याने लागण होते. गाभण मेंढ्या एकामागून एक गाभडू लागतात, ही धोक्याची पहिली घंटा. ती पशुवैद्यकाला ऐकू येते, पण डॉक्टरांपर्यंत पोचतेच असे नाही.

त्यामुळे कथानक नाक्यावर सुरू न करता मागच्या आठवड्यातल्या कळपापासून सुरू करावे. मग समजा 09:10 ला बसमधून एक खाटीक उतरतो : ताप, हिरड्यांतून रक्त, आणि भाऊ सीमेपलीकडे त्याच धंद्यात. ही माहिती चिठ्ठीने दिली जाते. चिठ्ठीवर क्रमांक, वेळ, ती कोणाला द्यायची आणि मजकूर असतो. अपेक्षित कृती फक्त नियंत्रक व मूल्यमापकाच्या प्रतीत. चिठ्ठ्या थोड्या ठेवाव्यात. दर पाच मिनिटांनी नवी चिठ्ठी आली की लोक काम सोडून चिठ्ठ्यांनाच उत्तरे देत बसतात.

कथानकात दोन सापळे मुद्दाम ठेवावेत. पहिला विलगीकरणाचा. निदान होईपर्यंत हा रक्तस्रावी ताप कोणताही असू शकतो, म्हणून पूर्ण खबरदारी घ्यायचीच. पण प्रयोगशाळेने रिफ्ट व्हॅली ताप सांगितल्यावरही पथक सहप्रवाशांना इबोलासारखे 21 दिवस देखरेखीखाली ठेवत असेल, तर ती चूक आहे. या तापाचा माणसाकडून माणसाला प्रसार आढळलेला नाही. शोध घ्यायचा तो त्याच जनावरांच्या संपर्कात आलेल्यांचा. दुसरा सापळा लसीचा. ‘आजच सगळे कळप टोचा’ असा दबाव वरून आणावा. साथ पेटल्यावर घाईने टोचताना एकच सुई अनेक जनावरांना वापरली जाते आणि विषाणू सुईनेच पसरतो. ‘नाही’ हे उत्तर कोण देतो आणि कारणासह देतो का, ते बघावे.

वेळेचा घोळही पूर्व आफ्रिकेत हमखास होतो. स्वाहिली पद्धतीत तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे नऊ वाजलेले बोलण्यात ‘तीन’ होतात. दोन्ही बाजूंच्या रुग्णयाद्यांत 24 तासांची वेळ अंकांत लिहायची, असे आधीच ठरवा.

प्रश्न : सरावात रक्ताचा नमुना पाठवणे खरेच करायचे का?

उत्तर : करायचे, पण नळीत रंगीत पाणी आणि वर ठळक ‘सराव’ अशी चिठ्ठी. तिहेरी वेष्टन मात्र खरे : बंद नळी, भोवती शोषक कापूस, मग न गळणारा दुसरा डबा, बाहेर कडक पेटी. कागद दुसऱ्या डब्यात नळीशेजारी कोंबले जातात आणि नळी फुटली की फॉर्म वाचता येत नाही. त्यांची जागा दुसरा डबा आणि बाहेरची पेटी यांच्यामध्ये. फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक तसेच लावले तर रक्त गोठून पेशी फुटतात. पॅक हलवून आत पाणी खळखळले की मगच भरावेत, आणि पेटीत 2 ते 8 अंश सेल्सिअस राहते का ते तापमान-नोंदणी यंत्र ठेवून पाहावे. शेवटी पेटी खरोखर कस्टमच्या खिडकीपर्यंत न्या. नमुन्यासाठी आयात-निर्यातीची कोणती परवानगी लागते हे तिथल्या कारकुनाला ठाऊक नसेल, तर पेटी तासन्‌तास उन्हात पडून राहते.

प्रश्न : पांढऱ्या पोशाखातली माणसे पाहून लोक घाबरणार नाहीत का?

उत्तर : घाबरतात, आणि अफवा सीमेपलीकडे आपल्या फोनच्या आधी पोचते. आठवडाभर आधी रेडिओवर आणि गुरांच्या बाजारात सांगा, तेही दोन्ही बाजूंना एकाच दिवशी. प्रत्येक फोन आणि संदेश ‘सराव, सराव, सराव’ने सुरू व्हावा. खरी इजा झाली तर सराव जागीच थांबवणारा वेगळा शब्द सर्वांना पाठ हवा, आणि एक रुग्णवाहिका फक्त त्यासाठी राखून ठेवावी. उन्हात संरक्षक पोशाखातला माणूस तासाभरात थकतो, म्हणून पाळ्या लहान लावा. पोशाख उतरवताना जवळ एक जण फक्त पाहायला उभा करा. चुका तिथेच सर्वाधिक होतात.

प्रश्न : सराव संपल्यावर काय?

उत्तर : त्याच दिवशी, लोक पांगण्याआधी, दोन्ही देशांची एकत्र बैठक. वेगवेगळ्या बैठका घेतल्या तर दोष पलीकडच्यांवर जातो. प्रत्येक त्रुटीपुढे जबाबदार पदाचे नाव आणि तारीख लिहा. पुन्हा अख्खा सराव घ्यायची गरज नसते. फोनची साखळी तुटली होती ना? मग तीच साखळी महिन्याभराने एखाद्या रात्री, न सांगता, लावून पाहा.