प्रोकोअरच्या पी/ई गुणोत्तराच्या जागी एका संकेतस्थळावर नुसती रेघ आणि दुसऱ्यावर भलामोठा आकडा का दिसतो?

आपण विचारले आहे की बांधकाम व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रोकोअर या अमेरिकी कंपनीचे पी/ई गुणोत्तर एका ठिकाणी दिसतच नाही, दुसऱ्या ठिकाणी मात्र मोठे दिसते. मग खरे कोणते? दोन्ही खरी आहेत, कारण त्यांच्या छेदात वेगवेगळा नफा धरलेला आहे.

पी/ई म्हणजे समभागाच्या बाजारभावाला प्रतिसमभाग निव्वळ नफ्याने भागून आलेली संख्या. प्रोकोअरने २०२४ मध्ये सुमारे ११५ कोटी डॉलरची विक्री केली, तरी लेखामानकांनुसार तिला सुमारे १०.६ कोटी डॉलरचा निव्वळ तोटा झाला. तोट्याने भागून येणाऱ्या ऋण संख्येला अर्थ नसल्याने तेथे रेघ ओढतात. मोठा आकडा येतो तो बहुधा पुढील वर्षाच्या अंदाजित ‘समायोजित’ नफ्यावरून, आणि या समायोजनात कर्मचाऱ्यांना पगाराचा भाग म्हणून दिलेल्या समभागांचा खर्च वगळलेला असतो. प्रोकोअरच्या बाबतीत हा खर्च किरकोळ नाही: २०२४ मध्ये लेखामानकांनुसार तिचा परिचालन तोटा (म्हणजे व्याज आणि कर धरण्यापूर्वीचा, मुख्य व्यवसायातला तोटा) विक्रीच्या सुमारे १२ टक्के होता, तर समायोजित हिशेबात तेथेच सुमारे १० टक्के नफा दिसतो.

समजा, समभागाचा भाव १०० डॉलर आणि समायोजित नफा २ डॉलर आहे. गुणोत्तर ५० येते. समभागरूपी पगाराचा दीड डॉलर वजा केला की तेच २०० होते. माझ्या मते हा खर्च वगळणे योग्य नाही, कारण रोख रक्कम गेली नसली तरी जुन्या भागधारकाचा हिस्सा आकसतोच.

गुणोत्तर लहान दिसले म्हणून हुरळून जाण्याचेही कारण नाही. व्ह्यूपॉइंट हे बांधकामाच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर ज्या ट्रिंबलकडे आहे, तिने २०२४ मध्ये आपल्या शेतीविषयक व्यवसायाचा ८५ टक्के हिस्सा ॲग्को कंपनीच्या हवाली केला आणि त्याबद्दल सुमारे २०० कोटी डॉलर रोख घेतले. त्यामुळे आदल्या वर्षी सुमारे ३१ कोटी डॉलर असलेला तिचा निव्वळ नफा एकदम १५० कोटींवर गेला. त्या नफ्याने भागले की समभाग स्वस्त भासतो. पण विकलेला व्यवसाय पुन्हा विकता येत नाही. (शिवाय ट्रिंबल मोजणीची उपकरणेही विकते, त्यामुळे प्रोकोअरशी तिची थेट तुलना तशीही बेताचीच.)

प्रोकोअरचे शुल्क वापरणाऱ्यांच्या संख्येवर नव्हे, तर ग्राहक वर्षभरात किती रकमेचे बांधकाम करतो आणि कोणती उत्पादने घेतो यावर ठरते. म्हणून व्याजदर वाढून बांधकामे मंदावली की करारांच्या नूतनीकरणाच्या वेळी वाढीला खीळ बसू शकते, आणि पुढील वर्षाच्या नफ्याचा अंदाज, म्हणजे आपल्या गुणोत्तराचा छेदच, बदलतो. वर्गणीचे पैसे बऱ्याचदा आगाऊ मिळत असल्याने रोख प्रवाह नफ्यापेक्षा चांगला दिसतो. मात्र समभागरूपी पगार त्यातूनही वजा झालेला नसतो.

तेव्हा वार्षिक अहवाल उघडल्यावर प्रथम एकूण समभागांची संख्या गेल्या तीन वर्षांत किती वाढली ते पाहावे आणि मग समभागरूपी पगार वजा करून गुणोत्तर स्वतःच काढावे. नफा उरतच नसेल, तर निदान तोटा वर्षागणिक किती घटतो आहे एवढे तरी त्यातून कळते.