पुढून मध-केशर, मागून पेट्रोलेटम

वाचकांचे प्रश्न : ओठांची प्रसाधने

प्रश्न : माझी मुलगी नीटच्या तयारीसाठी लातूरला खोली घेऊन राहते. थंडीत तिचे ओठ फुटतात, म्हणून तिने पुढच्या बाजूला 'मध-केशर' असे ठळक छापलेला ४.५ ग्रॅमचा लिप बाम १८० रुपयांना घेतला. मी इथल्या औषधाच्या दुकानातून ८ ग्रॅमची साधी डबी ८० रुपयांना आणली. दोन्हींच्या मागची बारीक अक्षरे भिंगाने वाचून उतरवून पाठवत आहे. यांतले खरोखर चांगले कोणते? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : भिंग घेऊन आपण यादी उतरवून काढलीत, तेव्हाच निम्मे काम झाले. आपण पाठवलेल्या याद्या अशा आहेत. महागड्या बाममध्ये पेट्रोलेटम, पॅराफिनम लिक्विडम, ओझोकेराइट, सेरा अल्बा, परफ्यूम, मेंथॉल, मेल, क्रोकस सॅटिव्हस, बीएचटी (तेल खराब होऊ नये म्हणून घालतात ते रसायन) आणि सीआय १५८५० (सीआय म्हणजे रंगाचा क्रमांक). साध्या डबीत रिसिनस कम्युनिस, सेरा अल्बा, कार्थॅमस टिंक्टोरियस, पेट्रोलेटम आणि टोकोफेरॉल.

आपल्याकडील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यामागून कोणत्याही क्रमाने छापले तरी चालतात. म्हणून कोणतीही यादी वाचताना पहिली चार-पाच नावे म्हणजे ती वस्तू, आणि पुढची नावे म्हणजे तिची फोडणी, असे समजावे. सुगंध आणि मेंथॉल लिप बाममध्ये सहसा अगदी थोडे घालतात. मेल म्हणजे मध आणि क्रोकस सॅटिव्हस म्हणजे केशर, ही दोन्ही नावे त्यांच्याही मागे आली आहेत. तेव्हा ज्या मध-केशरासाठी मुलीने पैसे मोजले, ते बहुधा बोटाला लागण्याइतकेही त्या नळीत नाही. जी वस्तू तिने प्रत्यक्षात घेतली, ती म्हणजे पेट्रोलेटम अर्थात पेट्रोलियम जेली, पातळ पॅराफिन आणि दोन मेणे.

याचा अर्थ तो बाम वाईट आहे असा मात्र नाही. ओठांच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी नसतात, तेलग्रंथीही जवळजवळ नसतात आणि वरचा थर फार पातळ असतो, त्यामुळे तिथले पाणी चटकन उडून जाते. हे पाणी अडवून धरणे हेच बामचे मुख्य काम आहे, आणि ते काम पेट्रोलेटम फार चांगले करते. 'पेट्रोल' या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही. शुद्ध केलेली पेट्रोलियम जेली एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. माझी तक्रार पेट्रोलेटमबद्दल नाही, तर त्याला केशराच्या भावाने विकण्याबद्दल आहे. हिशेब केला तर तो बाम ग्रॅममागे ४० रुपयांना पडला आणि आपली डबी १० रुपयांना.

आता आपल्या डबीकडे पाहू. रिसिनस कम्युनिस म्हणजे एरंडेल. 'ओसाड गावी एरंड बळी' असे आपण म्हणतो, पण ओठांच्या प्रसाधनांत गाव गजबजलेले असूनही एरंडच बळी आहे, कारण घट्टपणा, चकाकी आणि रंग धरून ठेवण्याची ताकद एका तेलात सहसा एकत्र सापडत नाही. सेरा अल्बा म्हणजे पांढरे मधमाश्यांचे मेण, जे साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळते आणि तेलाला आकार देते. तिसरे, कार्थॅमस टिंक्टोरियस हे भारदस्त लॅटिन नाव वाचून आपण बहुधा परदेशी फूल डोळ्यांसमोर आणले असेल. ती आपली करडई आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने जिचे 'परभणी कुसुम' हे वाण दिले आणि जिच्या तेलाच्या फोडणीवर मराठवाड्यातल्या कितीतरी पिढ्या वाढल्या, तीच. टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व, जे येथे मुख्यतः तेल खवट होऊ नये म्हणून घातलेले असते.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर खरा फरक मध-केशरात दिसत नाही, तो सुगंध आणि मेंथॉल यांत दिसतो. मेंथॉलने ओठ थंडगार वाटतात, पण फुटलेल्या त्वचेला ते झोंबते. मग ओठ चाटले जातात, ती ओल उडताना आणखी कोरडेपणा येतो आणि पुन्हा बाम लावावासा वाटतो. अभ्यासात डोके खुपसून बसलेल्या मुलीला हे चक्र लक्षातही येत नाही. म्हणून ओठ फुटलेले असेपर्यंत आपली साधी डबी वापरावी, असे माझे मत आहे. मात्र एरंडेलातल्या रिसिनोलिक आम्लाची अॅलर्जी काही थोड्या लोकांना असते, तेव्हा आधी आठवडाभर कोपराच्या खोबणीत दिवसातून दोनदा लावून पाहावे. भेगा फक्त तोंडाच्या कोपऱ्यांत असतील आणि भरत नसतील, तर बाम बदलत न बसता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : माझे माजलगावात ब्यूटी पार्लर आहे. द्रवरूप मॅट लिपस्टिक लावल्यावर ओठ ओढल्यासारखे होतात, असे नवऱ्या मुली सांगतात. एप्रिल-मेमध्ये साध्या लिपस्टिकवर घामासारखे थेंबही येतात. शिवाय मोबाइलवर असा संदेश फिरतो की सोन्याची अंगठी लिपस्टिकवर घासल्यावर काळी रेघ आली तर तिच्यात शिसे असते. हे खरे आहे का?

उत्तर : द्रवरूप मॅट लिपस्टिकच्या यादीत पहिले नाव बहुतेकदा आयसोडोडेकेन हे असते. हा पटकन उडून जाणारा द्रव आहे. तो उडाला की ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेटसारख्या सिलिकॉन रेझिनचा रंगीत पापुद्रा ओठांवर उरतो, आणि वरातीतल्या जेवणानंतरही रंग टिकतो तो यामुळेच. त्या पापुद्र्याला तेलाचा ओलावा नसतो, म्हणून ओठ ओढतात. अर्धा तास आधी साधा बाम लावून तो टिपून घेतला, तर बराच फरक पडेल. ज्या लिपस्टिकच्या सुरुवातीला एरंडेल आणि मेण आहे, ती ओठांना सुखाची वाटेल, पण पेल्यालाही लागेल. दोन्ही गुण एकाच कांडीत मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून टाकावे.

थेंबांची भीती बाळगू नये. उन्हाळ्यात दुपारी दुकान तापते, रात्री निवते, आणि या चढउतारात मेणाच्या जाळीतून तेल बाहेर येते. ते थेंब टिपून कांडी सावलीत ठेवली की काम भागते. वास खवट झाला असेल तर मात्र ती टाकून द्यावी. उष्ण भागासाठी खरेदी करताना यादीत कोपर्निशिया सेरिफेरा म्हणजे कार्नोबा मेण आहे का, हे पाहावे. ब्राझीलमधल्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरचे हे मेण ८० अंशांच्या पुढे वितळते, त्यामुळे कांडी कणखर राहते.

अंगठीची परीक्षा निखालस खोटी आहे. रंगद्रव्यांच्या बारीक, टणक कणांवर धातू घासला की त्याची काळपट पूड निघते. ती काळी रेघ अंगठीची असते, शिशाची नसते. शिसे यादीतही सापडणार नाही, कारण ते कोणी मुद्दाम घालत नाही. ते खनिज रंगांबरोबर अशुद्धी म्हणून येते. आपल्या नियमांनी प्रसाधनातल्या रंगद्रव्यात शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत २० भाग ठेवली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ४०० लिपस्टिक तपासल्या, तेव्हा सरासरी १.११ आणि सर्वाधिक ७.१९ भाग शिसे आढळले. म्हणजे परवानाधारक उत्पादकाच्या मालाबद्दल घाबरून जाण्याजोगे काही नाही. आठवडी बाजारात वीस रुपयांना मिळणाऱ्या, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक नसलेल्या कांडीबद्दल मात्र असे काहीही म्हणता येत नाही. ती पार्लरमध्ये ठेवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : आमच्या घरी सासूबाई माळकरी आहेत. मी वापरते ती लिपस्टिक त्यांच्या दृष्टीने चालण्यासारखी आहे की नाही, हे कसे ओळखावे? – गंगाखेड

उत्तर : यादीच्या शेवटी सीआय आणि पाच आकडे असतात, तिथे पाहावे. सीआय ७५४७० असेल, किंवा कार्माइन असे लिहिले असेल, तर तो लाल रंग निवडुंगावरच्या कोचिनियल नावाच्या किड्यांपासून काढलेला आहे. गंमत अशी की हा रंग पूर्णपणे नैसर्गिक आहे, त्यामुळे पुढे 'नैसर्गिक' लिहिलेल्या महाग लिपस्टिकमध्येच तो असण्याचा संभव जास्त. उलट सीआय १५८५० हा कारखान्यात तयार केलेला रंग आहे आणि सीआय ७७४९१ हे लोहाचे लाल ऑक्साइड आहे. या दोहोंत प्राण्याचा संबंध येत नाही. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून निघते आणि सेरा अल्बा पोळ्यातून. या दोन्हींसाठी जीव घ्यावा लागत नाही, पण ते चालतात की नाही, हे सासूबाईंनाच विचारावे, कारण तो प्रश्न रसायनशास्त्राचा नाही.

प्रश्न : यात्रेत घेतलेली हिरवी लिपस्टिक ओठांवर गुलाबी होते. त्यात काही घातक आहे का? – नांदेड

उत्तर : ही जादू सीआय ४५४१० किंवा सीआय ४५३८० या रंगांची आहे. मेणात ते जवळजवळ रंगहीन असतात आणि ओठांची ओल मिळाली की गुलाबी होतात. वरचा हिरवा केवळ दाखवायला घातलेला वेगळा रंग. परवानाधारक मालात हे रंग चालतात, पण काहींचे ओठ त्यांनी सोलवटतात. यात्रेतल्या कांडीवर यादीच नसेल, तर ती लावू नये.

प्रश्न : बिटाचा रस आणि साजूक तूप मिसळून घरी बाम करावा का?

उत्तर : नुसते तूप रात्री ओठांना जरूर लावावे, मीही लावते. त्यात बिटाचा रस घातला की पाणी आले, आणि पाणी आले की बुरशी आली. शिवाय तो रस तुपात मिसळतच नाही, दुसऱ्या दिवशी डबीच्या तळाशी लाल पाणी साचलेले दिसते. रंग हवाच असेल, तर एका वेळेपुरताच रस घ्यावा आणि उरलेल्या बिटाची कोशिंबीर करावी.