साहेबांसाठी लिहिलेला राजीनामा

"मॅडम, बॉसपायी नोकरी सोडू का?" मिहान, हिंगणा, बुटीबोरीहून येणारी किती माणसं हाच प्रश्न घेऊन नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसतात. परवा पुन्हा कुणी विचारलं आणि निखिल आठवला. नाव अर्थातच बदललेलं.

बुटीबोरीच्या एका कारखान्यात, क्वालिटीत होता. साडेचार वर्षं झालेली. सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर फाइल आपटून बोलायचे. छत्रपती चौकात कंपनीची बस दिसली की याच्या पोटात गोळा यायचा. राजीनामा पाच महिन्यांपासून मोबाइलमध्ये लिहून तयार, पाठवायचा धीर नाही.

पहिले तीन शनिवार तो साहेबांबद्दलच बोलला. चौथ्याला मी म्हटलं, "तो राजीनामा वाचून दाखवा बरं."

एकोणीस ओळी. वाचताना आवाज आधी चढला, मग घशातच अडकला.

"यात तुमच्याबद्दल किती ओळी आहेत?"

अंगठ्याने तो स्क्रीन वरखाली करत राहिला. "एकही नाही. पण मी गेल्यावर तरी त्यांना समजलंच पाहिजे ना, मॅडम!"

तो ‘च’ मी पकडला. राजीनाम्याआडून त्याला साहेबांकडून चूक कबूल करून घ्यायची होती. साहेबांनी नीट वागावं ही रास्त इच्छा, पण वागलंच पाहिजे म्हटलं की आपली झोप त्यांच्या हातात जाते. मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस 1955 पासून हेच सांगत आले आणि या ‘च’ने मला क्वचितच दगा दिलाय. तो सैल झाला म्हणून अपमान गोड होत नाही, पण हिशेब करण्याइतकं डोकं थंड होतं.

मग आम्ही हिशेबच केला. पगाराविना घर किती महिने चालेल? कर्जाचा हप्ता? पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी, दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. दुसरी नोकरी हातातली न सोडता शोधावी, हे मी सगळ्यांनाच सांगते.

मात्र खोट्या रिपोर्टवर सही मागतात, जातीवरून बोलतात, अंगावर हात टाकतात, तिथे ‘सहन करा’ असं मी कधीच म्हणत नाही. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तो ‘च’ अजिबात सोडू नका.

निखिल एकदा धीर करून साहेबांना म्हणाला, "सर, चूक झाली तर सांगा, पण केबिनमध्ये सांगा." आठ-दहा दिवस बरे गेले, पुन्हा फाइल आपटली. त्याने पाच वर्षं पूर्ण केली. दिवाळीनंतर नवा राजीनामा मला वाचायला पाठवला. तीनच ओळी होत्या, त्यातली एक कामाच्या शेवटच्या दिवसाची.