अंजनापुढे पाते का हरते?

प्रश्न : जुन्या वाड्यातली तीन इंच जाडीची अंजन वृक्षाच्या लाकडाची तुळई चिरून बाकासाठी पट्ट्या काढतो आहे. सात इंची गोल करवतीच्या हातमशीनवरचे ६० दातांचे नवे पाते दोन फुटांतच धुरावले, चीर काळी पडली. भोक पाडून बसवलेले पितळी स्क्रूही तुटले. लाकूडच बाद समजावे का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : लाकूड उत्तम आहे, पाते चुकले. अंजनाच्या गाभ्याचा वाळलेला तुकडाही बहुधा पाण्यात बुडतो, इतके ते घट्ट. उभ्या, म्हणजे रेषांच्या दिशेने जाणाऱ्या चिरीला ६० दात म्हणजे दातांमधल्या खाचा बारीक. भुसा त्यांत अडकतो, दात कापण्याऐवजी घासतात आणि सगळे तापते. कार्बाइडच्या (फार कठीण, पण ठिसूळ) टोकांचे २४ दातांचे पाते लावा, ६० दातांचे आडव्या कापासाठी ठेवा. त्याआधी लोहचुंबक फिरवून जुने खिळे शोधा. एका खिळ्याने कार्बाइडचे टोक उडते.

तीन इंच एका दमात चिरू नका, सात इंची मशीनचे पाते तेवढे खोल जातही नाही. एका बाजूने २० मिमी, मग ४०. उरलेले तुळई उलटवून. मशीन रेटू नका, पण रेंगाळूही देऊ नका. जळकी चीर बहुतेकदा रेंगाळण्यानेच होते. मागे चीर मिटू लागली तर पाचर ठोका, नाहीतर पाते आवळले जाऊन मशीन अंगावर उसळते. पात्यावर डिंकाचा थर चढला असेल तर ते काढून रॉकेलने पुसा. अनेकदा धार गेलेली नसतेच.

आठ नंबरच्या स्क्रूला खालच्या तुकड्यात ३.२ मिमी आणि वरच्या पट्टीत ४.५ मिमी भोक पाडा. भुसा काढण्यासाठी ड्रिल मधूनमधून बाहेर घ्या. आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू मेण लावून आत घाला, काढा, मग पितळी स्क्रू हाताने पिळा. साबण नको, तो ओल धरतो.

रंधा मारताना उलट रेषेच्या जागी लाकडाचे तुकडे उखडत असतील तर पात्याला ताजी धार लावा, निघणारी साल कागदाएवढी पातळ घ्या. तरीही उखडले तर पोलादी पत्र्याने खरवडणेच बरे. सांध्याला इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावायचे ते ताज्या रंधलेल्या पृष्ठावर, ८० नंबरच्या सँडपेपरने खरडून, त्याच दिवशी. शिकंजे फार आवळले तर गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. चिरताना एन-९५ मास्क लावा, हा भुसा फार बारीक उडतो.